बारा पाकिटं आणि रंग एकही नाही

वाचक विचारतात : हंगामी फुलांचे वाफे

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी तरी एकाच तक्रारीची आहेत, म्हणून त्यातलं सर्वांत सविस्तर पत्र आधी घेते. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एका ओळीत : एकतीस वर्षं मी कापडछपाईच्या रंगखात्यात नोकरी केली, आलेल्या नमुन्याशी रंग जुळवून द्यायचा हे माझं काम. बाग त्यानंतरची. त्यामुळे माझ्या उत्तरांत माती कमी आणि रंग जास्त आढळला तर समजून घ्या.

प्रश्न : ताई, माझा वाफा तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद आहे. हौसेनं बारा प्रकारच्या बियांची पाकिटं आणली, त्यातली सात ‘मिश्र रंग’ लिहिलेली. रोपं छान झाली, सगळ्यांना फुलंही आली. जवळ उभं राहिलं की एकेक फूल सुंदर दिसतं, पण दहा पावलं मागे गेलं की नुसता गबाळा हिरवा-करडा पसारा! रंग जातो कुठे?

रंग कुठेही जात नाही, तुमच्या डोळ्यात कालवला जातो. छपाईच्या कापडावर आम्ही तांबडे आणि हिरवे बारीक ठिपके शेजारीशेजारी छापायचो. हातात धरलं तर ठिपके दिसत, भिंतीवर टांगलं की मातकट कापड. तुमच्या वाफ्यात तेच झालं आहे. एक तांबडं, एक पिवळं, एक जांभळं, मध्ये भरपूर पानं, पुन्हा एक गुलाबी. लांबून डोळा त्यांचं मिश्रण करतो, आणि सगळे रंग एकत्र कालवले की काय होतं हे चित्रकलेच्या तासाला ब्रश धुतलेलं पाणी बघून प्रत्येकाला कळलेलं असतं.

साधा हिशेब मांडू. तुमच्या वाफ्यात पंचवीस-तीस सेंटिमीटर अंतरानं पन्नास-साठ रोपं बसतात. त्याला बारानं भागा : एका प्रकाराची जेमतेम पाच रोपं. त्यातही ‘मिश्र’ पाकिटातली पाच रोपं म्हणजे पाच रंग. एका रंगाचा पट्टा दिसायला माझ्या अनुभवानं निदान नऊ-दहा रोपं एकत्र लागतात. त्याहून कमी असली तर तो ठिपकाच.

पुढच्या हंगामात तीनच प्रकार घ्या. खरंच तीन. मागच्या कडेला निळा साल्व्हिया, म्हणजे लांब दांड्यांवर निळ्या-जांभळ्या तुऱ्यांचा, साठ सेंटिमीटरपर्यंत जाणारा. तीस सेंटिमीटरवर दोन ओळी, साधारण वीस रोपं. त्याच्या पुढे बुटका पिवळा झेंडू, पंचवीस सेंटिमीटरवर दोन ओळी, चोवीस रोपं. अगदी पुढे पांढऱ्या अॅलिसमची एक ओळ, पंधरा सेंटिमीटरवर वीस रोपं. ओळी समोरासमोर न ठेवता एकीच्या फटीत दुसरीचं रोप येईल अशा तिरक्या लावा, म्हणजे मधली माती लवकर झाकली जाते. आणि तिन्ही पाकिटं एकेका रंगाची हवीत. ‘मिश्र’ हा शब्द दिसला की पाकीट परत ठेवायचं, फोटो कितीही मोहक असो.

निळ्याशेजारी पिवळाच का, तर त्यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. पॅरिसला गोबलँ नावाचा विणलेल्या भिंतचित्रांचा प्रसिद्ध कारखाना. तिथल्या रंगाईचे प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ आले. तक्रार अशी होती की काळा धागा चित्रात फिका पडतो. शेव्हरलनी धागा तपासला, त्यात दोष नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यावरच तो काळा मरतो. म्हणजे खोट रंगात नव्हती, शेजाऱ्यात होती. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ काढला, आणि बागेतली फुलं कुठल्या रंगाशेजारी लावावीत याचीही त्यात चर्चा आहे. विरुद्ध रंग शेजारी आले तर दोन्ही उजळतात : निळा आणि नारिंगी, जांभळा आणि पिवळा, तांबडा आणि हिरवा. आपला निळा साल्व्हिया जांभळ्याकडे झुकणारा, म्हणून त्याचा जोडीदार पिवळा. तो एकटा लावला तर धुरकट वाटतो. पुढे पिवळा झेंडू आला की त्याच तुऱ्यांना अचानक धार येते.

तुमची उरलेली नऊ पाकिटं फेकू नका. परसात कोपऱ्यावर एक बाजूचा वाफा करा, त्यात सगळं विस्कटून पेरा आणि तिथून फुलदाणीसाठी फुलं कापा. जवळून बघायच्या फुलांची जागा फुलदाणीच आहे.

प्रश्न : पिटुनियाचं बी दोनदा पेरलं. पहिल्यांदा उगवलंच नाही, दुसऱ्यांदा उगवलं आणि आठवड्यात सगळी रोपं मुळाशी बारीक होऊन आडवी पडली. बी खराब होतं का?

दोन्ही वेळा बी निर्दोष असण्याची शक्यता जास्त.

पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० भरतात. एवढ्याशा दाण्यात शिदोरी किती असणार? त्याला उगवायला उजेड लागतो आणि वर मातीचा थर पेलत नाही. मी पहिल्या वर्षी बोटानं खड्डे करून त्यात पिटुनिया पुरला होता, वाटाण्यासारखा! तीन आठवडे रोज झारी घेऊन त्या कोऱ्या मातीला पाणी घातलं. पिटुनिया, अँटिऱ्हिनम, अॅलिसम, बिगोनिया ही सगळी वरच्यावर भुरभुरून हलकेच दाबायची, झाकायची नाहीत. कोरड्या बारीक वाळूत बी मिसळून भुरभुरलं तर एकाच जागी ढीग पडत नाही. उलट पॅन्सी, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, नॅस्टर्शियम यांना अंधार आवडतो, ती मातीखाली घाला. झिनिया आणि झेंडू फारसे नखरे करत नाहीत, अर्धा सेंटिमीटर माती पांघरली की चार ते सात दिवसांत वर.

दुसऱ्या वेळचं ते रोपं कोलमडणं. मातीतल्या बुरशा ओल्या, दाट, वारा न लागणाऱ्या रोपांना जमिनीलगत धरतात. एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही, त्याच्यावर औषध शोधत बसू नका. ट्रे पुन्हा भरा : मागच्या हंगामाची माती न वापरता नवं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट घ्या, बी विरळ पेरा, आणि वरून झारीनं न देता ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवून खालून भिजू द्या. वरचा थर किंचित सुकल्याशिवाय पुढचं पाणी नाही. झाकण ठेवलं असेल तर कोंब दिसताच काढा. रोपांना पहिल्या दोन बीदलांनंतरची खरी पानं चार-पाच आली की वाफ्यात हलवा, त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उघड्यावर ठेवून.

लार्कस्पर आणि पॉपी मात्र ट्रेमध्ये करूच नका. त्यांचं सोटमूळ दुखावलं की रोप रुसून बसतं. थेट वाफ्यात पेरा आणि दाट झाली तर जास्तीची उपटा.

प्रश्न : पाकिटावर ‘शेंडा खुडा’ असं लिहिलंय. हातानं वाढवलेल्या रोपाचं डोकं उडवायचं? माझ्याच्यानं होत नाही.

मग अर्ध्यांचे खुडा, अर्धे ठेवा आणि महिन्यानं स्वतःच बघा. रोप पंधरा-वीस सेंटिमीटरचं झालं की वरचा कोंब दोन पानांच्या लगेच वर चिमटीनं तोडायचा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते. फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, पण एकाऐवजी सहा-आठ येतात. झिनिया, झेंडू, कॉसमॉस, साल्व्हिया, पिटुनिया, अँटिऱ्हिनम यांना हे मानवतं. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा मोठा तुरा हवा असेल तर कोंबडा या फुलझाडाला हात लावू नका, एका दांड्याच्या सूर्यफुलालाही नको. तेरड्याची फुलं मुख्य दांड्यालाच लगडतात, त्याचाही शेंडा राहू द्या.

प्रश्न : मी सकाळी सातला घर सोडते, परत येते तेव्हा उजेड मावळत असतो. दारापुढच्या वाफ्यात लाल साल्व्हिया आणि चिनी गुलाब लावलेत. सुट्टीच्या दिवशी दुपारी झळाळतात, एरवी मला वाफा रिकामाच वाटतो. माझी दृष्टी तपासून घेऊ का?

दृष्टी ठीक आहे, फुलांची आणि तुमची वेळ जुळत नाही एवढंच.

चिनी गुलाब उन्हाचा चाकरमानी : ऊन चढलं की उघडणार, दुपार कलली की मिटणार. तुम्ही त्याला कधीच भेटत नाही. गझानियाचंही तसंच. (जाता जाता : चिनी गुलाबाचा तो डोळ्यात घुसणारा गुलाबी रंग गुलाबातल्या किंवा पिटुनियातल्या रंगद्रव्याचा नव्हे. तो बीटाच्या कुळीतल्या रंगद्रव्यांचा आहे. कोंबडा, बटनफुलं आणि गुलबक्षी यांच्यातही तीच असतात. हे तिघंचौघं एकत्र लावले की रंग एकमेकांशी इतके जुळतात की मला एकाच रंगाच्या कढईतून काढल्यासारखे वाटतात.)

लाल साल्व्हियाचं कारण वेगळं. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एक गोष्ट टिपली : भर उन्हात तांबडं फूल झगझगीत आणि निळं फूल मंद दिसतं, पण पहाटेच्या अंधुक उजेडात तांबडं काळपट होतं आणि निळं उजळतं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांना तांबडा जवळजवळ दिसतच नाही. आमच्या खात्यात म्हणूनच उजेड कलल्यावर तांबड्या छटांवर सही करायची नाही असा माझा नियम होता. एकदा मोडला आणि सबंध लॉट परत आला, तो विषय नको.

तुमच्या वाफ्यात पांढरा, फिका पिवळा आणि फिका जांभळा हवा. पांढरा पिटुनिया घ्या, संध्याकाळी त्याला वासही येतो. पांढरी निकोटियाना घ्या, तिच्या जुन्या उंच जाती दिवसभर मान टाकून असतात आणि तिन्हीसांजेला उघडून घमघमतात. आणि गुलबक्षी! ती दुपारी चारच्या पुढेच उघडते, म्हणजे तुम्ही दारात याल तेव्हा ताजी असेल. पिवळी किंवा पांढरी निवडा, गर्द गुलाबी नको. रात्री घराचा पिवळा दिवा वाफ्यावर पडत असेल तर फिका जांभळा करडा दिसेल, मग तोही सोडून द्या.

लाल साल्व्हिया काढायची गरज नाही. सुट्टीची दुपार आहेच की.

प्रश्न : वाफ्यावर झाडाची सावली असते, ऊन जेमतेम दोन तास. काय लावू?

तेरड्याचे बुटके सावलीवाले भाऊबंद, मेणासारख्या पानांची बिगोनिया, टोरेनिया आणि कोलियस. झिनिया-झेंडूला रोजचं सहा तास ऊन लागतं, त्यांचा नाद सोडा. सावलीत गर्द रंग बुडतात, पांढरा आणि फिका गुलाबी तरंगतात. कोलियसची पोपटी पानं इथे फुलांचं काम करतात, त्याला तुरे आले की मात्र खुडा. आणि मोठ्या झाडाची मुळं तुमच्या वाफ्याचं पाणी आधी पितात हे लक्षात ठेवा.

प्रश्न : काकू, मी पहिल्यांदाच बाग करतोय. कॉसमॉस माझ्या खांद्याला लागला, नॅस्टर्शियमची पानं बशीएवढी झाली, फूल मात्र एक नाही. दर आठवड्याला खत घालतोय, अजून वाढवू का?

अरे थांब! खत बंद कर. पोटभर नत्र मिळत असेल तर रोप पानंच करत राहतं, फुलायची त्याला घाई कशाला? कॉसमॉस आणि नॅस्टर्शियम हलक्या, जराशा उपाशी जमिनीत जास्त फुलतात. लागवडीआधी वाफा वीत-सव्वावीत खणून त्यात पाच सेंटिमीटर थर कुजलेलं खत मिसळलं की या दोघांचा हंगाम निघतो. पिटुनिया मात्र खादाड, त्याला दर दोन आठवड्यांनी पातळ करून द्यावं लागतं.

आणखी एक बघ. वाफ्याजवळ रात्रभर जळणारा दिवा आहे का? कॉसमॉस आणि उंच झेंडू रात्र लांब झाली की फुलायला लागतात. रात्रभर उजेड मिळाला तर त्यांना उशीर होऊ शकतो.

प्रश्न : गेल्या वर्षी एकाच पिवळ्या झिनियाचं बी धरलं. यंदा त्यातून गुलाबी, शेंदरी, मळकट पिवळं, काही एकेरी पाकळ्यांची अशी सरमिसळ निघाली. दुकानदारानं फसवलं का?

तुमचं पहिलं पाकीट संकरित, म्हणजे ‘एफ-१’ लिहिलेलं असावं. त्या पिढीची सगळी रोपं जुळ्यांसारखी निघतात, पण त्यांचं बी धरलं की आजी-आजोबांचे सगळे गुण वेगवेगळे वाटून बाहेर येतात. साध्या जातीचं असेल तरी झिनिया मधमाश्यांकडून शेजाऱ्याचे पराग घेतो. एका रंगाचा पट्टा हवा असेल तर दरवर्षी नवं बी घ्या. स्वीट पी मात्र कळीतच स्वतःचं परागण उरकून घेतो, त्याचं साध्या जातीचं बी धरायला हरकत नाही.

पण बी धरण्यात चिकाटी असेल तर काय होतं, तेही ऐका. १९५४ मध्ये अमेरिकेतले बियाण्याचे व्यापारी डेव्हिड बर्पी यांनी शुभ्र झेंडूच्या बियांसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, कारण झेंडूत पांढरा रंग मिळतच नव्हता. घरोघरच्या बागकाम करणाऱ्यांनी दरवर्षी आपल्या वाफ्यातल्या सर्वांत फिक्या फुलाचं बी धरून, तेच पेरून पाठपुरावा केला. १९७५ मध्ये आयोवातल्या अॅलिस व्हॉन्क या बाईंना ते बक्षीस मिळालं. तुमच्या सरमिसळीत एखादा रंग मनात भरला असेल तर त्याला धागा बांधून ठेवा.

प्रश्न : दोन छोट्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरं द्या. झिनियाच्या पानांवर पांढरी पूड येते. आणि सुकलेली फुलं काढतो तरी पिटुनिया फुलायचा थांबलाच.

पूड म्हणजे भुरी, हा बुरशीचा रोग. रोपं दाट लावलीत, वारा खेळत नाही. खालची रोगट पानं काढा, मधलं एकेक रोप उपटा. पिटुनियाच्या फक्त पाकळ्या ओढून काढत असाल तर मागे हिरवी बोंडी राहते आणि तिच्यात बी भरत जातं. देठासकट तोडा. तरीही लांबुळका झाला असेल तर फांद्या निम्म्या छाटा, खत-पाणी द्या, तीन आठवडे दुर्लक्ष करा. अॅलिसमलाही बहर ओसरल्यावर कात्री लावलेली सोसते.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ‘मागे लाल साल्व्हिया, पुढे शेंदरी झेंडू, वाफा पेटल्यासारखा दिसेल’ असं लिहिलं होतंत. तंतोतंत तसं केलं. ताई, काहीही पेटलेलं नाही. लाल साल्व्हिया दिसतच नाही. फोटो पाठवत आहे.

फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. तुमच्या वाफ्यामागे लाल विटांची भिंत आहे! साल्व्हिया जागेवरच आहे, भिंतीनं गिळलाय. चूक माझी : वाफ्यामागे काय आहे हे न विचारता मी रंग सांगून मोकळी झाले. इतकी वर्षं रंग जुळवले, आणि खालचं कापड कुठल्या रंगाचं हा पहिला प्रश्न विसरले.

आता हंगाम अर्धा उरलाय, सगळं उपटू नका. भिंत आणि साल्व्हिया यांच्यामध्ये वीतभर जागा दिसते आहे. तिथे पांढरा कॉसमॉस थेट पेरा, साधारण दोन महिन्यांत त्याची बारीक झिरमिळ पानं आणि पांढरी फुलं साल्व्हियाच्या मागे पडद्यासारखी उभी राहतील. तोवर साल्व्हियाचे सुकलेले तुरे छाटत राहा, म्हणजे दुसरा बहर त्याच सुमारास गाठता येईल. कॉसमॉस उंच होऊन पुढे कलतो, भिंतीला आडवी दोरी बांधून त्याला आधार द्या. फुललं की पुन्हा फोटो पाठवा, मात्र या वेळी दहा पावलं मागे जाऊन काढलेला.